ग्रँड बेच्या चिंचेची खूण

हेझकाया पॅट्रिसला उजवा कान अर्धाच आहे. उरलेला अर्धा मी नेला. आम्ही दोघे बावीस-तेवीस वर्षांचे होतो, कार्निव्हलचा मंगळवार होता, आणि चौकात त्याचं भाषण एका शब्दाने घसरलं. आमच्या कॅरिआकू बेटावर त्या खेळाचा कायदा लहान पोरालाही ठाऊक असतो. दोन गावांचे दोन गडी आरशांचे तुकडे शिवलेले झगे घालून, पायांत घुंगरं बांधून, डोक्यावरून पाठीपर्यंत उतरणारं जाड झापड चढवून, तोंडावर जाळीचा मुखवटा लावून समोरासमोर येतात आणि शाळेत मास्तरांनी घोकून घेतलेली जुनी इंग्रजी नाटकी भाषणं एकमेकांना ऐकवतात. जो चुकेल त्याच्यावर चाबूक. तारेचा, वरून चिकटपट्टी गुंडाळलेला. मार खाणाऱ्याने मान खाली घातली की मारणाऱ्याने थांबायचं. एवढाच कायदा.

पुढे मी पोर्ट ऑफ स्पेनच्या रंगभूमीवर तीस वर्षं काढली. टाळ्या मिळाल्या, हार मिळाले, दोनदा लग्नंही तिथेच झाली. पण त्या चौकात जसे पोट आवळून शब्द म्हटले, तसे पुन्हा कधी म्हटले नाहीत. रंगमंचावर चुकलं तर विंगेतून कुणीतरी शब्द सुचवतं. चौकात कुणी सुचवत नाही.

म्हातारपणी घरी परतलो तेव्हा हेझकायाला नवं काम लागलेलं होतं. टायरल बेच्या काठावर मिस युलालीची पत्र्याची शेड आहे. तिच्याकडे शिडाच्या सात बोटी. परदेशातून लोक येतात, बोट आठवड्याने भाड्याने घेतात आणि तांडेल न घेता स्वतःच हाकतात. शीड त्यांचं, सुकाणू त्यांचं, उलट्याही त्यांच्याच. त्यांनी जायचं कुठे, हे मात्र हेझकाया ठरवायचा. टेबलावर नकाशा, नकाशावर लाल पेन्सिल, आणि समोर हा अर्ध्या कानाचा माणूस.

गिऱ्हाइकाला वाटायचं, ठिकाण आपण निवडतोय. छे! हेझकाया आधी नवरा-बायकोच्या हातात एक दोर द्यायचा. "हा त्या खुंट्याला बांधा बघू दोघं मिळून." आणि स्वतः कॉफी पीत बसायचा. गाठ कशी बसली ते तो बघतच नसे. दोघं एकमेकांशी कसं बोलतात ते ऐकायचा. नवरा खेकसला की लाल पेन्सिल जवळच्या आड बाजूच्या, वारा न लागणाऱ्या उपसागरावर टेकायची. दोघं हसली की उत्तरेकडची बेटं. आणि कुणी गप्प बसून नीट गाठ मारली की तो मला डोळा घालायचा, "या दोघांना कुठेही पाठवा, पोहोचतील."

मग शेवटची परीक्षा. वाट तोंडपाठ म्हणून दाखवायची. कुठला खडक कुठल्या हाताला, कुठे शीड उतरायचं, सूर्य कुठे हवा. चुकलं की हेझकाया टेबलावर फुटपट्टी आपटायचा, धाडकन! मोठमोठे डॉक्टर, वकील दचकून उभे राहायचे. "पुन्हा. पहिल्यापासून." जो न चुकता म्हणेल त्याला बोटीची किल्ली. बावीस वर्षांत त्याने पाठवलेली एक बोट फुटली नाही. आम्हा चौकातल्या माणसांचा विश्वासच तसा. ज्याला पाठ आहे, त्याला येतं.

हा विश्वास कसा आतबट्ट्याचा ठरला, ते सांगायला बसलोय.

त्यासाठी लायनेल बेडोला आधी आणावं लागेल. लायनेल ग्रँड बेचा. आमच्या बेटाच्या वाऱ्याच्या बाजूला ते गाव, समोर खडकांची सलग भिंत आणि भिंतीत एकच फट. मी हेझकायाचा कान नेला त्याच्या पुढच्या वर्षी गावांच्या टोळ्या नव्याने जुळल्या, मी हेझकायाच्याच टोळीत आलो, आणि लायनेल समोरच्या. त्या दिवशी जॅक आयर्न जास्त झाली होती. त्या रममध्ये बर्फसुद्धा तळाला जातो, माणसाचं काय. लायनेल तिसऱ्या भाषणात अडखळला. हेझकायाने मारलं. लायनेलने मान खाली घातली. तिथे संपायला हवं होतं.

पण हेझकायाला कान आठवला असावा. तो थांबला नाही. लायनेलचं झापड सरकलं, जाळीचा मुखवटा पडला, तरी चाबूक येतच राहिला. मान घातल्यावरचे फटके मी मोजले, चौदा. मोजत होतो म्हणजे काय, आम्ही सगळे ओरडून मोजत होतो! बायका धोंडे फेकायला लागल्या तेव्हा तो थांबला. लायनेलच्या डाव्या गालावरून रक्त आणि आणखी काहीतरी ओघळत होतं. त्या बाजूचा डोळा गेला. महिन्याभरात डोक्याला पट्टी बांधून, गाडीच्या मागच्या सीटवर खाली वाकून तो गावातून निघाला आणि इंग्लंडमध्ये हडर्सफील्डच्या लोकरीच्या गिरणीत लागला. हेझकायाने त्या दिवसापासून झगा घातला नाही. चाबूकसुद्धा त्याने समुद्रात फेकला, असं म्हणतात. मी विचारलं नाही.

पंचेचाळीस वर्षांनी, जानेवारीतल्या एका सकाळी शेडच्या दारात एक म्हातारा उभा राहिला. डाव्या डोळ्यावर काळी चकती. बरोबर चाळिशीची मुलगी, मार्वा. तिच्याकडे बोट चालवण्याचा इंग्लंडचा परवाना होता. दोघं आदल्या रात्रीच विमानाने आली होती, बेटाच्या मुख्य गावात, हिल्सबरोत, खोली घेऊन राहिली होती.

हेझकाया उठला आणि तसाच उभा राहिला. कॉफी हातातच.

"बस की," लायनेल म्हणाला. "गिऱ्हाईक आलंय. गिऱ्हाइकाला कुठे जायचंय ते विचारतात ना इथे?"

"कुठे जायचंय?" हेझकायाने विचारलं.

"घरी. ग्रँड बेला. खडकाच्या फटीतून आत."

मिस युलाली आतून ओरडली, "वेड लागलंय का या माणसाला? लायनेल, घरी जायला बोट कशाला हवी? बाहेर गाडी उभी आहे, वीस मिनिटांत सोडते!"

"युलाली, गाडीतून मी गेलो होतो," तो म्हणाला. "सीटखाली तोंड लपवून. परत येईन तर बापाच्या वाटेने येईन, शीड लावून, सगळं गाव किनाऱ्यावर बघत असताना. तोवर त्या गावात मी पाऊल ठेवणार नाही."

हेझकायाने लाल पेन्सिल आड बाजूला टेकवली. "हे बघ, सँडी आयलंड. पाणी कसं काचेसारखं. पोरीला तिथे ने. वाऱ्याच्या बाजूला सध्या लाट मोठी आहे. ती फट मी कुणालाच देत नाही. बावीस वर्षांत दिली नाही."

"ते लंगड्या-लुळ्यांचं ठिकाण झालं."

"लायनेल, तुला एकच—"

"एकच काय? बोल ना. एकच डोळा आहे? कुणामुळे?"

शेडमध्ये नांगराचा गंज खरवडणारे दोघे जण थांबले. मार्वा म्हणाली, "डॅडी, पुरे."

"तू थांब गं. हेझी, इथे काय चालतं ते मी ऐकलंय. वाट न चुकता म्हणेल त्याला किल्ली. मग विचार. चुकलो तर फुटपट्टी टेबलावर नको, माझ्या तोंडावर मार. नाही चुकलो तर किल्ली दे."

मी मधे पडायला हवं होतं. पण खरं सांगू? माझ्या अंगावर काटा आला होता. पंचेचाळीस वर्षांनी तोच सामना, तेच दोघे! मी पालथी बादली पुढे ओढली आणि बसलो. जुन्या नटाला प्रयोग थांबवता येत नाही.

हेझकाया म्हणाला, "म्हण."

लायनेल ताठ उभा राहिला, छातीवर मूठ ठेवली, चौकात ठेवायचा तशी. त्याच्या बापाने शिकवलेली वाट होती ती, ग्रँड बेच्या पोरांना पाळण्यातच शिकवतात. "उत्तरेचं टोक सोड, दोन मैल बाहेर राहा. हिरवं पाणी दिसलं तरी भुलू नकोस, ते माशाचं, माणसाचं नव्हे. सकाळ असू दे, सूर्य पाठीशी असू दे. पांढऱ्या शाळेची भिंत शोध, तिच्या माथ्यावर चिंच आण. भिंतीवर चिंच, चिंचेवर डोंगराची खाच, तिन्ही एका रेषेत. रेषा सोडू नकोस, बायको हाक मारो नाहीतर बाप. डाव्या हाताला पाणी फुटेल, फुटू दे. उजव्या हाताला गप्प असेल, त्याला भी. शंभर वल्ही मोज आणि नांगर सोड."

एक शब्द पडला नाही. हेझकाया ओठ हलवत मनात त्याच्याबरोबर म्हणत होता, मी बघितलं. "भिंतीवर चिंच" आलं तेव्हा त्याने मान डोलावली. मीही डोलावली. शब्द कसे खणखणीत होते!

हेझकायाने किल्ली टेबलावर ठेवली. कायदा म्हणजे कायदा.

"उद्या पहाटे निघ," तो म्हणाला. "दहाच्या आत फटीशी हवास. उशीर झाला तर मागे फिर. शब्द दे."

"दिला."

दुसऱ्या दिवशी ते पहाटे निघाले. वारा नाकावर होता, उत्तरेच्या टोकाला त्यांना नागमोडी जावं लागलं. अकरा वाजले, एक वाजला. हेझकाया दर अर्ध्या तासाने वायरलेसवर बोलत होता. "लायनेल, परत फिर." शेवटी लायनेलने यंत्रच बंद केलं.

अडीचच्या सुमाराला मिस युलालीने शेगडी पेटवली, मासे भाजायला. निखारा तडतडला, एक ठिणगी उडून तिच्या एप्रनशी पडली. "मेला चिंचेचा कोळसा," ती म्हणाली, "असाच फुटतो. हेझी, पुन्हा नको आणूस हा."

हेझकाया शेगडीकडे बघत राहिला. मग त्याच्या तोंडून असा आवाज निघाला, की तो मला कुठल्याच भूमिकेत काढता आला नसता.

"चिंच," तो म्हणाला. "अरे, ती चिंच नाहीये!"

दोन वर्षांपूर्वीच्या चक्रीवादळात ती पडली होती. शाळेच्या माथ्यावरची ती चिंच. हेझकायाने स्वतः करवतीने तिचे तुकडे केले होते, खड्डा खणून कोळसा पाडला होता. त्यातलीच ही पोती. मी स्वतः त्या बुंध्यावर बसून डाळभात खाल्ला होता. आणि काल आम्ही दोघं मान डोलावत होतो, "भिंतीवर चिंच"! शब्द बरोबर होते ना. चौकात शब्द तपासतात, झाड कोण तपासतो?

गाडी मी चालवली. डोंगर चढताना हेझकाया डॅशबोर्डवर मुठी आपटत होता. खिंडीत आलो तर खाली ग्रँड बे पसरलेला, समोर पांढऱ्या फेसाची भिंत, आणि त्या भिंतीकडे सरळ येणारं एक शीड. शाळेच्या दक्षिणेला एक कडुनिंब उभा आहे. वादळाने त्याचा शेंडा असा कापला की लांबून चिंचेसारखाच दिसतो. सूर्य लायनेलच्या डोळ्यांत, एकाच डोळ्यात, आणि तो भिंतीवर कडुनिंब आणून रेषेत येत होता. किनाऱ्यावर गाव जमलं होतं. कुणी शर्ट काढून हलवत होतं, कुणी ओरडत होतं. त्याला वाटलं असेल, स्वागत.

पहिल्या धडकेचा आवाज आम्हाला खिंडीत ऐकू आला. हाड मोडावं तसा.

आम्ही किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत डोलकाठी आडवी झाली होती. लाट बोट उचलत होती आणि खडकावर टाकत होती, धोबी कपडा आपटतो तशी. हेझकायाने गिल्बर्ट नावाच्या मच्छीमाराची इंजिनची होडी ढकलली. गिल्बर्टने विचारलं नाही. मी सत्तरीचा म्हातारा, मीही आत चढलो. का ते विचारू नका. चौदा फटके मोजणाऱ्यांतला मी एक होतो.

मार्वा मागच्या कठड्याला एका हाताने लटकत होती. दुसरा हात कोपराखाली उलट्या दिशेला वळला होता. गिल्बर्टने लाटेचा हिशेब साधला, मी तिचे केस धरले आणि ती आमच्या अंगावर पडली. ती एकच गोष्ट किंचाळत होती, "डॅडी चाक सोडत नाहीये!"

लायनेल सुकाणूच्या चाकाला धरून गुडघ्यांवर बसला होता. पाय दोराच्या गुंत्यात, कपाळ फुटलेलं. हेझकायाने दातांत सुरी धरली आणि उडी मारली. खडकाने त्याच्या पोटऱ्या सोलल्या, पाणी लाल झालं. तो वर चढला, दोर कापले आणि लायनेलला खांद्याला धरून ओढू लागला.

लायनेलने बाजूला पडलेला लोखंडी दांडा उचलला आणि त्याच्या तोंडावर हाणला. दात उडालेले मी बघितले. पुन्हा हाणला. "हात लावू नकोस मला! तू नाही! तू नाही!"

"सोड चाक!"

"बापाची वाट आहे माझ्या!"

मागून मोठी लाट उठत होती. गिल्बर्ट ओरडला, "हेझी, आली!" हेझकाया लायनेलच्या बोटांना कडकडून चावला. बोटं सुटली नाहीत. मग त्याने मूठ वळली. मला दिसलं, त्याने क्षणभर मूठ थांबवली, कारण समोर कुठला चेहरा होता ते त्याला ठाऊक होतं. आणि मग त्याने मारलं. सगळ्या ताकदीने, उजव्या बाजूला. लायनेल ढिला पडला. दोघं लाटेबरोबर पाण्यात गेले, आणि त्याच लाटेने बोटीचे दोन तुकडे केले.

कसे बाहेर काढले ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की लायनेल बेडो ग्रँड बेच्या वाळूवर समुद्रातूनच आला, सगळं गाव बघत होतं, आणि त्याला काही दिसत नव्हतं. तीन बरगड्या मोडल्या होत्या. राहिलेला एकुलता डोळा सुजून बंद झाला होता, पापणी फाटली होती. डॉक्टर म्हणाले, पट्टी काढल्यावर कळेल. डोळा राहतो की जातो.

अकरा दिवस. हेझकाया हॉस्पिटलच्या आवारातल्या बदामाच्या झाडाखाली बसून होता. तोंड सुजलेलं, पुढचे चार दात गेलेले. आत जायचा नाही. मिस युलालीने डब्यातून कुकू, म्हणजे मक्याच्या पिठाची उकड, आणि भाजी पाठवली, ती तो कोंबड्यांना घालायचा. ती स्वतः आली तेव्हा म्हणाला, "त्या खुर्चीवर दुसरा माणूस बसव, युलाली. त्याचा हा डोळा गेला, तर मी कुणाला कुठे पाठवायच्या लायकीचा नाही."

"बोट माझी फुटली, आणि रडतोयस तू?" ती म्हणाली. मग त्याच्या शेजारी बसली आणि दोघं कोंबड्या बघत राहिली.

मार्वा प्लास्टरमधला हात सावरत रोज बाहेर यायची. नवव्या दिवशी तिने त्याला विचारलं, "झाड पडलंय हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"मीच तोडलं ते."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुझा बाप चुकला नव्हता गं, पोरी." कोंबड्यांपुढे घास टाकत तो म्हणाला, "आम्ही तेवढंच ऐकत होतो."

बाराव्या दिवशी पट्टी निघाली. लायनेलने बोटं मोजली, नर्सच्या टोपीचा रंग सांगितला, खिडकीबाहेर बघितलं आणि विचारलं, "तो बोळका कोण बसलाय?"

डोळा वाचला. पण दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. हेझकाया उठून घरी गेला तो शेडवर आलाच नाही. युलालीने त्याच्या जागी नवा माणूस बसवला, तो नकाशा हातात द्यायचा आणि 'मजा करा' म्हणायचा.

आणि कार्निव्हलचा मंगळवार आला. सकाळी नऊला, चौकात, बेटाची उत्तरेची आणि दक्षिणेची गावं समोरासमोर. पोरं होती बहुतेक. तेवढ्यात घुंगरं वाजली, आणि दक्षिणेकडून हेझकाया आला. जुना झगा, आरसे काळवंडलेले. हातात चाबूक नव्हता. चौकाच्या मधोमध उभा राहून त्याने भाषण सुरू केलं. दातांच्या फटीतून शिट्टी येत होती, तरी शब्द पक्के. तिसऱ्या ओळीला तो मुद्दाम थांबला आणि मान खाली घातली.

उत्तरेच्या गर्दीतून लायनेल पुढे आला. कुणीतरी त्याच्या हातात चाबूक दिला.

"ही चूक नाही," तो म्हणाला. "ही भीक आहे. भिकेवर मी चाबूक उचलत नाही. मी तुझ्याकडून किल्ली जिंकून घेतली होती, मागून नाही. मान वर कर आणि नीट म्हण."

हेझकायाने मान वर केली. सुरुवातीपासून सुरू केलं. पहिलं भाषण झालं, दुसरं झालं. लायनेलनेही आपली दोन म्हटली, बरगड्या धरून. गर्दी इतकी गप्प, की घुंगरू हललं तरी ऐकू यावं. हेझकायाने तिसरं भाषण घेतलं, तेच, जे पंचेचाळीस वर्षांपूर्वी लायनेलला नडलं होतं. मधल्या एका ओळीशी तो आला, तोंड उघडलं आणि शब्द आला नाही. यावेळी खरोखर आला नाही. त्याच्या डोळ्यांत मी ती भीती बघितली. नटाला ती ओळखता येते. मला तो शब्द येत होता, जिभेच्या टोकावर होता. सांगितला नाही.

लायनेलने मारलं. सत्तरीच्या हाताने, पण खांद्यापासून, मागे वाकून. झग्याचे आरसे फुटून उडाले, खांद्यावरचं कापड फाटलं आणि खालचं मांस उघडं पडलं. हेझकाया एका गुडघ्यावर आला. गर्दी ओरडली, "एक!"

हेझकायाने मान खाली घातली.

लायनेलचा हात पुन्हा वर गेला होता. वरच होता. चाबकाची शेपटी त्याच्या पाठीमागे थरथरत होती, आणि त्याचा एक डोळा हेझकायाच्या मानेवर होता. गर्दी दोन म्हणायला तोंड उघडून थांबली. मीही थांबलो.

मग त्याने हात खाली आणला, चाबूक हेझकायासमोर जमिनीवर ठेवला आणि गुडघ्याला हात देऊन खाली बसला, कारण बरगड्या त्याला उभं राहू देईनात.

"मान घातली की थांबायचं असतं," तो म्हणाला. "एवढंच करायचं होतं रे तुला."

हेझकायाने मान डोलावली. खांद्यावरून रक्त त्याच्या कोपरापर्यंत आलं होतं.

"उद्यापासून खुर्चीवर बस," लायनेल म्हणाला. "तो नवा पोपट लोकांचे जीव घेईल."

आता हेझकाया शेडमध्ये वाट पाठ करून घेत नाही. फुटपट्टी त्याने चुलीत घातली. गिऱ्हाइकांना तो गाडीत घालून खिंडीत नेतो, समोर हात करतो आणि म्हणतो, "मी काय सांगितलं ते विसरा. तिथे काय दिसतंय ते बोला." आठवड्यातून दोनदा त्याच्याबरोबर चकतीवाला म्हाताराही असतो. कुणी चुकीचं बोललं की तोच आधी खेकसतो.